आधी बॅटरीची जागा, मग इन्व्हर्टरची

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला आहे. घर अर्धं मातीचं, अर्धं स्लॅबचं. ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) उंच ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड, बॅटरी घरी येऊन पडली आहे. तीन जागा डोळ्यांपुढे आहेत: समोरच्या सपरीत (ओसरीत) मीटरच्या खाली, मागच्या खोलीत जिथं कापूस ठेवतात तिथं, किंवा जिन्याखालच्या लाकडी कपाटात. दुकानदाराचं म्हणणं, ट्रॉली घ्या, खाली बॅटरी वर इन्व्हर्टर, कुठंही ढकलून ठेवा.

उत्तर एका ओळीत: जिन्याखाली ठेवा, पण कपाटाची दारं काढून, आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या डोक्यावर न ठेवता बाजूला. कापसाच्या खोलीत अजिबात नको. सपरीत शक्यतो नको.

बहुतेक घरांत जागा ठरते ती मीटर कुठं आहे यावरून. वायरमनचं काम सोपं होतं, अर्ध्या तासात जोडणी होते. पण मीटरचा आणि बॅटरीचा तसा काही संबंध नाही. बॅटरीला घरातली सर्वांत थंड आणि हवेशीर जागा लागते. इन्व्हर्टर तिच्या दोन हातांवर असावा लागतो. आणि मीटर कितीही लांब असला तरी चालतं. जागा याच क्रमानं ठरवायची.

मीटर लांब का चालतो, ते आकड्यांनी पाहू. चार बल्ब, तीन पंखे, टीव्ही मिळून ४०० वॅटचा लोड धरा. २३० व्होल्टच्या बाजूला हा लोड २ अँपिअरसुद्धा नाही. त्यात लाईन असताना बॅटरी चार्जिंगचे २५०-३०० वॅट मिळवले तरी ३ अँपिअर. मीटरपासून जिना ४० फुटांवर आहे म्हणता, २.५ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरवर जाऊन-येऊन ८० फुटांत अर्धा व्होल्ट पडेल. २३० मधला अर्धा व्होल्ट कोणाला कळतही नाही.

आता तेच ४०० वॅट बॅटरीकडून घ्यायचे तर १२ व्होल्टला जवळजवळ ४० अँपिअर लागतात. बॅटरी जिन्याखाली आणि इन्व्हर्टर मीटरजवळ ठेवून मधे १६ चौरस मिलीमीटरची चांगली जाड केबल टाकली, तरी तेवढ्याच अंतरात १.१ ते १.२ व्होल्ट खाल्ला जातो. बॅटरीत १२ व्होल्ट आहेत आणि इन्व्हर्टरला दिसतात १०.८. त्याला वाटतं बॅटरी संपली, तो शिटी मारून बंद होतो. बॅटरी अर्धी भरलेली असते. मग "बॅटरी खराब निघाली" म्हणून दुकानाच्या चकरा सुरू होतात.

चार्जिंगला उलटा त्रास. इन्व्हर्टर आपल्या टोकाला १४.४ व्होल्ट मोजून समाधानी होतो, बॅटरीपर्यंत पोचतात १४. भरायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात लाईन जाते. रोज थोडी थोडी अपुरी राहिलेली बॅटरी प्लेटांवर सल्फेटचा थर धरते, आणि तो थर घट्ट झाला की क्षमता परत येत नाही. म्हणून लांबवायची ती २३० ची वायर. १२ ची केबल इन्व्हर्टरसोबत येते तेवढी, दीड-दोन मीटर, त्यापेक्षा जोड मारून वाढवायची नाही. तीन मीटर लागणारच असेल तर २५ चौरस मिलीमीटरची अखंड केबल घ्या.

उन्हाचा हिशेब

आपल्याकडे बॅटरी मारते ती ऊन. बॅटरीवर लिहिलेली क्षमता आणि आयुष्य २७ अंश धरून असतं. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की, सतत १० अंश जास्त तापमानात राहिली तर आयुष्य निम्म्यावर येतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि तो सावलीतला असतो. टिनाखाली त्याहून जास्त. पश्चिमेची भिंत दुपारभर तापून रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते. तिला टेकून ठेवलेली बॅटरी रात्रीही थंड होत नाही.

आणि उन्हाळ्यातच लाईन जास्त जाते, म्हणजे बॅटरी याच दिवसांत सर्वांत जास्त भरते-रिकामी होते. तापलेल्या बॅटरीला खरं तर कमी व्होल्टवर चार्ज करायला हवं: दर अंशामागे २० ते ३० मिलिव्होल्ट कमी. २५ अंशाला १४.४ बरोबर असेल तर ४५ अंशाला १३.९ च्या आसपास हवेत. घरगुती इन्व्हर्टरपैकी फार थोड्यांत बॅटरीचं तापमान मोजायची सोय असते. बाकीचे मे महिन्यातही डिसेंबरचेच व्होल्ट देतात. तापलेली बॅटरी जास्त करंट ओढते, त्या करंटनं आणखी तापते, पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येतात, महिन्याभरात फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी काडी) लाल खुणेवर उतरतो. यावर घरी करता येण्यासारखा उपाय एकच, जागा थंड निवडणे.

मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंतींचं माजघर या बाबतीत नव्या स्लॅबच्या खोलीपेक्षा चांगलं. कवेलूचं छप्पर असेल तर आणखी बरं, कवेलूंच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. स्लॅबच्या घरात जिन्याखालची, उत्तरेकडची किंवा घराच्या मधली जागा पाहा. अंदाजावर जाऊ नका. भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर आणा, जमिनीपासून दीड फुटावर ठेवा आणि दुपारी तीनला व रात्री नऊला आकडा लिहा. दोन्ही-तिन्ही जागी दोन-दोन दिवस. रात्री नऊचा आकडा जिथं सर्वांत कमी, ती जागा घ्या. साठ किलोच्या आसपासचं हे धूड दुपारच्या तासाभरात तापत नाही, पण रात्री थंड व्हायला मिळालं नाही तर दिवसेंदिवस गरमच राहतं.

कूलरच्या खोलीबद्दल बरेच जण विचारतात. ती खोली थंड असते आणि खिडकी उघडी असते, बॅटरीला दोन्ही चांगलंच. फक्त कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात, इन्व्हर्टरचा पंखा ते आत ओढतो आणि सर्किटवर पांढरट खार चढतो. झोताच्या बाजूचा कोपरा चालेल.

कापूस

दिवाळीपासून वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच पडून असतो. पहिल्या वेच्याला खोलीचा एक कोपरा भरतो, संक्रांतीपर्यंत ढीग खिडकीला लागतो. नोव्हेंबरमध्ये बॅटरीपासून पाच फूट लांब असलेला कापूस जानेवारीत तिच्या अंगावर येतो. मुद्दाम कोणी आणून ठेवत नाही, ढीग सरकतो.

टर्मिनलचा नट थोडा ढिला असला की ४० अँपिअरला तिथं लग (केबलच्या टोकाचा धातूचा तुकडा) तापतो, कधी ठिणगी उडते. एरवी फार तर शिसं वितळेल. कापसात पडलेली ठिणगी मात्र ज्योत न दाखवता आत धुमसत राहते. वरून पाणी मारलं तरी ढिगाच्या पोटात आग जिवंत राहू शकते. वर्षाची कमाई त्या खोलीत आहे.

शिवाय तंतू. कापूस भरताना-काढताना उडालेले तंतू इन्व्हर्टरच्या पंख्यात आणि जाळीत जाऊन बसतात, गादीसारखा थर होतो, हवा बंद. ४०० वॅट देताना इन्व्हर्टर ७० वॅटच्या आसपास उष्णता स्वतः टाकतो, जुना पिवळा बल्ब आत पेटल्यासारखी. ती बाहेर निघाली नाही तर आतला ट्रान्झिस्टर जातो. तुरीची-सोयाबीनची पोती, कुटार, खताच्या गोण्या यांच्या खोलीलाही हेच लागू. फवारणीची औषधं असतील तिथं तर नकोच.

हायड्रोजन: किती आणि कुठं

बॅटरी भरत आली की उरलेला करंट पाणी फोडतो, त्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. वास नाही, रंग नाही. लोक एकतर याला अजिबात भीत नाहीत, नाहीतर इतके भितात की बॅटरी अंगणात ठेवतात. आकडे पाहिले की नेमकं कळतं.

फुकट गेलेल्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधून सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. १२ व्होल्टमध्ये सहा सेल. जुनी किंवा तापलेली बॅटरी भरत आल्यावरही ३ अँपिअर ओढत राहिली, तर तासाला साडेसात लिटर. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत २८ हजार लिटर हवा असते, तिचे ४ टक्के म्हणजे अकराशे लिटरच्या वर. दार दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या खोलीत तेवढा साचणार नाही. पण जिन्याखालचं कपाट ३ × २ × ३ फुटांचं धरलं तर बॅटरी वजा जाता पावणेपाचशे लिटर हवा. तिचे ४ टक्के १९ लिटर. दारं घट्ट असतील तर अडीच तासांत मर्यादा गाठली, आणि हा वायू हलका असल्यानं जिन्याच्या वरच्या चिंचोळ्या कोपऱ्यात त्याहून आधी. लाईन रात्री अकराला येते, पहाटेपर्यंत चार्जिंग चालतं, सकाळी कोणी कपाट उघडून आतला स्विच दाबतो.

म्हणून दारं काढा. दिसायला बरं नाही म्हणून हवीच असतील तर जाळीची करा, किंवा लाकडी दाराला खाली आणि अगदी वर, दोन्हीकडे १५ × १५ सेंटीमीटरची भोकं पाडा. फक्त खाली पाडलेल्या भोकांचा उपयोग नाही. जाळी ५-६ मिलीमीटरची घ्या. उंदीर आणि पाल दोन्ही अडतात आणि धुळीनं लगेच बुजत नाही. पाल हा विनोदाचा विषय नाही. उबेला इन्व्हर्टरमध्ये शिरते, दोन टोकांना शेपटी लागते, पाल आणि इन्व्हर्टर दोघेही जातात.

याच कारणासाठी देवघराखाली बॅटरी नको. कोपरा स्वच्छ असतो, कोणी पाय लावत नाही, म्हणून तिथं ठेवतात. पण वायू सरळ वर जातो, आणि वर निरांजन जळत असतं. चूल आणि गॅस सिलिंडर जवळ नको हे वेगळं सांगायला नको.

ट्रॉली

दुकानदार अगदीच चूक नाही. उघड्या ट्रॉलीत हवा खेळते आणि केबल आपोआप आखूड राहते. अडचण वरच्या कप्प्याची. बॅटरीतून निघणाऱ्या वायूबरोबर ॲसिडचा बारीक फवारा येतो, आणि इन्व्हर्टरचा पंखा तो बरोबर वर ओढून घेतो. दोन-तीन वर्षांत आतले तांब्याचे पट्टे हिरवे पडतात. दुसरी अडचण पाणी टाकायची. बॅटरीच्या डोक्यावर किमान एक फूट मोकळं हवं, नाहीतर बाटली तिरपी करता येत नाही, ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर तर घुसतच नाही. ज्या बॅटरीत पाणी टाकणं कटकटीचं, तिच्यात पाणी टाकलं जात नाही. ट्रॉली घेतलीच असेल तर खाली बॅटरी ठेवा, वरचा कप्पा रिकामा सोडा, इन्व्हर्टर शेजारी.

इन्व्हर्टर बॅटरीपासून आडवा फूटभर दूर आणि जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच. हवेच्या जाळीपुढे हातभर मोकळं. मातीच्या भिंतीवर टांगू नका. दहा-बारा किलोचं वजन आणि ट्रान्सफॉर्मरची थरथर, मातीत ठोकलेली खुंटी वर्षभरात सैल होते. लोखंडी अँगलचं चार पायांचं स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या, ते भिंतीवर अवलंबून राहत नाही. लाकडी टेबलाला वाळवी लागते, आणि ती आतून खाते.

खालची जमीन

बॅटरी सिमेंटवर ठेवली की उतरते, हा समज जुन्या रबरी डब्यांच्या काळातला. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही. तरी जमिनीवर सरळ ठेवू नका, कारणं वेगळी आहेत: सारवण, फरशी धुणं, पावसाची ओल. दोन ओळी विटा, वर शहाबादी फरशी, वर प्लास्टिकचा उथळ टब, त्यात बॅटरी. लोखंडी घमेलं नको, सांडलेलं ॲसिड ते खातं. जिन्याच्या पलीकडे न्हाणी असेल तर सामाईक भिंतीला हात लावून पाहा. ओल असेल तर वीतभर अंतर सोडा.

काळ्या जमिनीवरच्या घरांत आणखी एक गोष्ट घडते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात, फरशी एका बाजूला दबते. कलंडलेल्या बॅटरीत एका टोकाच्या सेलात प्लेटा उघड्या पडतात आणि दुसऱ्या टोकाला पाणी काठोकाठ असतं. बसवताना लेव्हल लावा, दर पावसाळ्यानंतर पुन्हा पाहा.

तीच काळी माती अर्थिंगलाही दगा देते. उन्हाळ्यात माती आक्रसून अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, मग अर्थिंग नावापुरती. मार्चपासून मृगापर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओतत जा. इन्व्हर्टरची बॉडी अर्थिंगला जोडलेलीच हवी. वीज कडाडायला लागली की इनपुटचा प्लग उपसता यावा, त्यासाठी सॉकेट बॅटरीवर वाकून हात घालावा लागेल अशा जागी नको, दाराच्या बाजूला बाहेर हवं. त्या लाईनवर १० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाका.

सपरी का नको, हे आतापर्यंत कळलंच असेल: टिन, पश्चिमेचं ऊन, झड लागली की पाण्याचे शिंतोडे, शेळ्या, पोरं. उत्तरेकडची, वर स्लॅब असलेली सपरी असेल तर विचार करता येईल.

जोडताना

पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत १०० अँपिअरचा डीसी फ्यूज टाका. हा बहुतेक कोणी टाकत नाही. उंदरानं केबल कुरतडली आणि तारा एकमेकींना लागल्या तर १५० एएचची बॅटरी हजारावर अँपिअर सोडू शकते, केबल लाल होते. इन्व्हर्टरमधला फ्यूज अशा वेळी कामाचा नाही, कारण बिघाड त्याच्या आधीच झालेला असतो. केबल पीव्हीसी पाइपातून न्या.

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. इन्व्हर्टर बंद, खिडकी उघडी. आधी लाल, मग काळी. काढताना आधी काळी. शेवटचं टोक टेकवताना बारीक ठिणगी दिसते, ती इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरल्याची, घाबरू नका. नट घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. आधी लावून वर लग बसवू नका.

गावात लाईन डिम असते, तेव्हा इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएसवर ठेवू नका. त्या मोडमध्ये १८० व्होल्टच्या खाली इन्व्हर्टर लाईन सोडून बॅटरीवर जातो, म्हणजे लाईन असूनही बॅटरी उतरत राहते. कॉम्प्युटर नसेल तर दुसरा मोड.

लिथियमबद्दल विचारलं नाहीत, पण पुढची बॅटरी ती घ्यायचा विचार असेल तर: वायू नाही, पाणी नाही, वजन बरंच कमी. उन्हातून मात्र सुटका नाही. अनेक लिथियम फॉस्फेट बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते, त्यावर आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. टिनाखालची जागा तिलाही नको.

सगळं बसवून झालं की एक मोजणी करा. लाईन बंद करून नेहमीचा लोड चालू ठेवा आणि अर्ध्या तासानं मल्टीमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग इन्व्हर्टरच्या टोकांवर लावा. दोन आकड्यांत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर केबल बारीक आहे किंवा एखादा लग नीट दाबलेला नाही. मल्टीमीटरचं एक टोक टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरं त्यावरच्या लगवर टेकवून पाहिलं की दोषी जोड सापडतो. तिथं काहीच दिसायला नको, दिसले तर फार तर दहा-वीस मिलिव्होल्ट.